नाशकात नवे आहात? धाकधूक घेऊनच माणसांत कसं जायचं

दर जून-जुलैत आमच्या कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागात, म्हणजे माल तपासायच्या विभागात, चार-पाच नव्या मुली येतात. कोणी साक्रीकडची, कोणी पेठची, कोणी थेट नांदेडहून आलेली. पहिल्या आठवड्यात त्या डबा कसा उघडतात ते मी बघते. झाकण अर्धंच उचलायचं, डबा हाताच्या आडोशाला धरायचा आणि कोणाची नजर पडायच्या आत घास संपवायचे. मी २००९ साली नाशकातल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले तेव्हा अगदी असाच डबा खायचे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आजूबाजूला सगळ्यांच्या पोळ्या, आणि त्यात माझी ती काळपट भाकरी. वाटायचं, ही बघितली की मी कुठून आले, काय आहे, सगळं लोकांना कळणार.

त्या मुलींना मी दर वर्षी तेच ते सांगते, म्हणून या वेळी सविस्तर लिहून काढलं. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, लग्न होऊन, कशाहीसाठी नाशकात नव्याने आला असाल आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर "आपल्याला लोकांशी बोलायला जमत नाही, आपण इथे कमी पडतो" असं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आपण असं धरून चालतो, की आधी धीर यावा आणि मग माणसांत जावं. मी जवळजवळ वर्षभर सिडकोतल्या खोलीत बसून धीर यायची वाट बघितली. खोलीत तो आला नाही. जो काही आला तो भाजीवाल्या मावशींशी दोन वाक्यं बोलल्यावर, बसमध्ये जागा धरून ठेवणाऱ्या ताईंकडे बघून हसल्यावर, कणाकणाने आला. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या पोटात गोळा असतानाच चढायच्या आहेत.

पायरी १: शंका वहीत उतरवा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला "काय झालं", उजव्या बाजूला "मला काय वाटलं". रोज रात्री फक्त पाच मिनिटं. त्याहून जास्त वेळ दिलात तर लिहिता लिहिता पुन्हा त्याच विचारात गुंतायला होतं.

माझ्या वहीतलं पहिलं पान सांगते. कामाला लागून चार दिवस झाले होते. सुपरवायझर सरांनी एका जॉबवरचा, म्हणजे तपासायला आलेल्या भागावरचा, ओरखडा दाखवून विचारलं, हा कसा सुटला? मी म्हटलं, "सर, डोयाला दिसला नाही." आमच्या अहिराणीत ळ चा य होतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. टेबलापलीकडून कोणीतरी "डोया!" म्हणून हसलं. त्यानंतर दोन महिने मी "हो", "नाही" आणि "झालं" या तीन शब्दांवर नोकरी केली. वही आली ती त्यानंतर. डाव्या बाजूला लिहिलं, "एक जण हसला. एकदा." उजव्या बाजूला लिहिलेलं पान संपून पुढच्या पानावर गेलं: अख्खी लाइन मला गावंढळ समजते, सरांना वाटतं हिला घेऊन चूक केली, मी कायम होणार नाही, घरी परत जावं लागेल. डावीकडे एक ओळ आणि उजवीकडे दीड पान. ते समोरासमोर बघितलं तेव्हा पहिल्यांदा हलकं वाटलं.

आपल्याकडे लोक किती बघतात याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी तुझा टीशर्ट बघितला असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी बघितला. प्रत्यक्षात लक्षात होता तो साधारण पाव लोकांच्या. मी हे वाचलं तेव्हा माझी भाकरी आठवली. आमच्या टेबलावर आठ जणी बसायच्या. म्हणजे फार तर दोघींनी ती बघितली असेल, आणि त्या दोघीही आपापल्या डब्यात डोकं घालून बसल्या असतील.

पान लिहून झालं की शेवटी एकच प्रश्न विचारा: हेच माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत झालं असतं तर मी तिला काय म्हटलं असतं? ते उत्तर खाली लिहा आणि वही मिटा.

एक गोष्ट खास हुशार मुलामुलींसाठी. चांगले मार्क, चांगली नोकरी असूनही "मी चुकून इथे पोचलोय, कधीतरी पकडला जाईन" असं वाटणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच कर्तबगार बायकांमधल्या या भावनेवर लिहिलं होतं. तुम्हाला तसं वाटत असेल तर त्यावरून तुमच्या लायकीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पायरी २: एक जागा, एक वेळ, तीन आठवडे

आता घराबाहेर. नवीन माणसाची चूक अशी होते की तो रविवारी एकदम मोठ्या ठिकाणी जातो. मॉलमध्ये, सोमेश्वरच्या धबधब्यावर, रामकुंडावर. गर्दीत फिरून येतो आणि आणखी एकटा होऊन परततो. अशा ठिकाणी दर वेळी नवी माणसं असतात, तिथे ओळख व्हायची कशी?

ओळख होते ती तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसल्याने. नुसतं वारंवार दिसण्याने माणूस आपलासा वाटू लागतो, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. आपल्या आयांना ते प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर मैत्र्या कशा जुळल्या ते त्यांना विचारा.

जागा निवडताना बघायचं एवढंच: घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असावी, तिथे रोज तीच माणसं येत असावीत, आणि आपल्या हाताला काहीतरी काम असावं. नुसतं उभं राहायला लागलं की जीव घाबरा होतो. सिडकोत राहत असाल तर पवननगरचं भाजी मार्केट आहे. त्र्यंबक रोडच्या बाजूला असाल तर गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथला सकाळचा जॉगिंग ट्रॅक. जुन्या नाशकाच्या जवळ असाल तर सार्वजनिक वाचनालय. सगळे त्याला 'सावाना' म्हणतात. १८४० पासूनची संस्था आहे. वाचनकक्षात रोज तीच मंडळी त्याच खुर्च्यांवर दिसतात आणि कोणी तुमच्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. लाजऱ्या माणसासाठी याहून सोपी जागा मला माहीत नाही.

वेळ ठरली की बदलू नका. सकाळी सव्वासहा म्हणजे सव्वासहा. पहिल्या आठवड्यात कोणाशीही बोलायचं नाही, फक्त जायचं. दुसऱ्या आठवड्यात रोज दिसणाऱ्या दोन माणसांकडे बघून मान हलवायची. तिसऱ्या आठवड्यात बहुतेक वेळा समोरूनच आवाज येतो: "काल दिसला नाहीत?" मला तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी तापाने दोन दिवस खोलीत पडून होते. मेथीवाल्या मावशींनी विचारलं, "पोरी, दोन दिवस कुठं होतीस?" नाशकात माझ्या नसण्याची नोंद कोणीतरी घेतली होती. पिशवी भरून खोलीवर आले आणि खूप रडले.

पायरी ३: हाक आणि पहिलं वाक्य

बोलायला सुरुवात त्यांच्यापासून करा ज्यांच्या कामातच बोलणं आहे. भाजीवाल्या, चहावाले, कंडक्टर, रिक्षावाले, वॉचमन. त्यांच्याशी बोलणं दोन वाक्यांत संपतं आणि संपल्यावर कोणाला वाईट वाटत नाही.

आधी हाक नीट मारायला शिका. मराठीत निम्मी ओळख हाकेतच होते. भाजीवालीला "मावशी", शेजारणीला "काकू", रिक्षावाल्याला वय बघून "दादा" नाहीतर "काका", कामावरच्या मोठ्या बाईला "ताई". दुकानदाराला "भाऊ". मोठ्यांना आणि अनोळखी माणसाला "तुम्ही", मग तो चहाच्या टपरीवरचा पंधरा वर्षांचा मुलगा का असेना. समोरच्याने "अगं, तू म्हण" म्हटलं तरच "तू"वर या. आणि "एक्सक्यूज मी" नको. "अहो काका" म्हटलं की माणूस वळून बघतो.

वाक्यं तयार ठेवा. मी ती बोटांवर मोजून पाठ करायचे:

"मावशी, मेथी कोवळी आहे ना?"
"दादा, साखर कमी घाला."
"अंबडची गेली का हो?"
"काकू, आज पाणी किती वाजता येणार?"

मिसळ खायला एकट्याने जा. गंगापूर रोडकडे मळ्यात बसून मिसळ खायची पद्धत आहे, आणि गल्लोगल्लीही चांगली मिळते. मिसळीत रस्सा पुन्हा मागावाच लागतो, न मागता मिसळ संपत नाही. मला पहिल्यांदा "दादा, रस्सा द्या" म्हणायला इतका वेळ लागला की फरसाण कोरडंच खाल्लं. दुसऱ्या रविवारी मागितला. गरम रस्सा, वर पापड, आणि वाढणाऱ्या दादांनी न विचारता ठेवलेली कांद्याची वाटी.

विषय काय काढायचा, हा प्रश्न मुली हमखास विचारतात. नाशिकने त्याची सोय करून ठेवली आहे. पावसाळ्यात विचारा, "गंगापूर धरणातून पाणी सोडलं का? दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीवरून गोदावरीचा पूर मोजायची इथल्या लोकांची जुनी सवय आहे, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. या एका प्रश्नावर अख्खा थांबा बोलायला लागतो. थंडीत विचारा, निफाडला पारा किती उतरला. शेतकरी घरातलं माणूस असेल तर लासलगावला कांद्याचा भाव काय निघाला ते विचारा, मग तुम्हाला फक्त ऐकायचं काम. पगार, जात, लग्न का झालं नाही, हे प्रश्न मात्र विचारू नका. तुम्हाला कोणी विचारले तर "सांगेन कधीतरी, काकू" म्हणून हसून विषय बदलायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

पायरी ४: आपली बोली लपवू नका

याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्यासारख्या खानदेशातून, पेठ-सुरगाण्याकडून, मराठवाड्यातून आलेल्या कितीतरी जणांची धाकधूक इथेच अडकलेली असते. "मी तोंड उघडलं की कळतं." कळू दे. काय कळतं? तुम्ही कुठल्या घरात वाढलात एवढंच.

मी दोन वर्षं शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. प्रत्येक वाक्य आधी डोक्यात तपासायचं आणि मग बोलायचं. तोपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असायच्या. लोकांना वाटायचं, ही बाई शिष्ट आहे. मला वाटायचं, मी कमी आहे. दोन्ही बाजूंनी गैरसमज, आणि मधे एक ळ.

तो सुटला श्रावणात. आमच्याकडे खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, म्हणजे देवीची स्थापना होते. रात्रभर गाणी आणि सोमवारी विसर्जन. सिडकोत खानदेशी लोक इतके आहेत, की तिथे कानबाईची मिरवणूक निघते हे मला एव्हाना माहीत असायला हवं होतं. पण मी खोलीबाहेर कुठे पडत होते? त्या रविवारी रात्री मागच्या गल्लीतून गाणं ऐकू आलं. आई म्हणायची तेच गाणं, त्याच चालीत. मी खाली उतरले आणि त्या घराच्या दारात उभी राहिले. आतून एक आजी म्हणाल्या, "भाहेर काब्रं उभी? ये, बठ." म्हणजे, बाहेर का उभी? ये, बस. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदांतच खातात, पण गाण्याला कोणीही चालतं. पहाटेपर्यंत मी त्यांच्यात बसून गात होते. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा घसा बसला होता. बाजूच्या टेबलावरच्या ताईंनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाणं म्हणून दाखवायला लावलं.

तेव्हा हे करून बघा: तुमच्या बोलीतला एक शब्द दर आठवड्याला कोणालातरी अर्थासकट सांगा. डब्यातल्या पदार्थाचं नाव सांगा. समोरचा बहुतेक वेळा आपल्या गावाकडचा शब्द सांगतो. नाशकातलं नाशिक असं किती आहे? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिडकोच्या घरांत निम्मं उत्तर महाराष्ट्र येऊन राहिलेलं आहे. इथे बाहेरचा असणं ही साधी गोष्ट आहे.

पायरी ५: छोटी मदत मागा

लाजरा माणूस मदत करायला एका पायावर तयार असतो आणि मागायची वेळ आली की मरण येतं. कोणाला त्रास नको, असं तो म्हणतो. पण शेजारपण उभंच राहतं ते देण्याघेण्यावर.

मदत एवढी छोटी मागा की समोरच्याला नाही म्हणणंही सोपं जाईल. माझी पहिली मागणी अशी होती: "काकू, मी फर्स्ट शिफ्टला आहे. गॅसची टाकी आली तर घेऊन ठेवाल का? रिकामी टाकी दाराशी ठेवते, पैसे हे घ्या." समोरच्या काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. दोन वर्षं त्यांनी मला जिन्यातून खाली मान घालून जाताना बघितलं होतं. म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं तुला कोणी बोललेलं आवडत नाही." संध्याकाळी टाकी घ्यायला गेले तर चहा झाल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी वाटीभर साबुदाण्याची खिचडी पाठवली. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून मी त्या वाटीतून शेंगदाण्याची चटणी पाठवली. ती वाटी पुढे कित्येक महिने जिन्यातून इकडून तिकडे जात राहिली.

पैसे उसने मागण्यापासून मात्र पहिलं वर्षभर लांब राहा.

पायरी ६: घरी आल्यावर चुका मोजू नका

बोलणं होतं, बरं होतं, आणि रात्री डोक्यात त्याची पुन्हा रीळ चालू होते. मी ते असं का म्हटलं? त्या हसल्या त्या माझ्यावर का? मी फार बोलले का?

एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला बसवून नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं: तुम्हाला समोरचा किती आवडला, आणि त्याला तुम्ही किती आवडलात असं वाटतं? समोरच्याला आपण आवडलो याचा अंदाज लोकांनी सातत्याने कमी लावला. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर ही तफावत कित्येक महिने टिकून होती. म्हणजे तुम्ही रात्री जी बेरीज करता ती आधीपासूनच वजा बाजूला झुकलेली असते.

उपाय साधा आहे. त्या दिवशी समोरच्याने सांगितलेली एक गोष्ट वहीत लिहा. तुमच्या बोलण्यातलं काहीही नाही, फक्त त्यांचं. "ताईंच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी." आणि बुधवारी विचारा, "ताई, आई कशा आहेत?" लोकांना हुशार बोलणारं माणूस फार काळ आठवत नाही. आपल्या घरचं लक्षात ठेवणारं माणूस ते विसरत नाहीत.

पायरी ७: तास जमा करा

ओळखीची मैत्री व्हायला वेळ लागतो, आणि तो किती याचा ढोबळ हिशोब आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासाप्रमाणे नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९० आणि जिवाभावाची व्हायला २०० तासांहून जास्त सहवास लागतो. शेजारी बसून काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पांचे, खाण्याचे, फिरण्याचे लागतात. फक्त रविवारी दोन तास भेटलात तर ५० तास व्हायला सहा महिने जातात. म्हणून चार महिन्यांनी "अजून माझं इथे कोणी नाही" म्हणून निराश होऊ नका. तास भरलेले नाहीत, एवढंच.

तास भरायचे तर जिथे नेमाने जमायचं असतं असं काहीतरी धरा. ज्यांना बोलणं अजिबात जमत नाही त्यांना मी ढोल पथक सुचवते. नाशिक ढोलाचं नाव सगळीकडे आहे. गणपतीच्या महिना-दोन महिने आधीपासून मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी सराव सुरू होतो. दोन तास बोलायची गरज नाही, ठोका चुकला तर शेजारचा डोळ्यांनी सांगतो, आणि सराव संपल्यावर वडापाव खाताना बोलणं आपोआप सुरू होतं. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, शंभर वर्षांची परंपरा आहे. रोज संध्याकाळी जाऊन त्याच बाजूला बसलात तर आठवड्याभरात शेजारचे आजोबा तुमच्यासाठी खुर्ची राखायला लागतात. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम होत असतात. सायकल चालवणारे, पांडवलेणी पहाटे चढून येणारे, रविवारी ट्रेकला जाणारे गट आहेत. जे तुम्हाला आधीपासून थोडं तरी आवडतं तेच धरा. मित्र मिळावेत म्हणून नावडतं काम केलंत तर तिसऱ्या आठवड्यात सुटेल.

रंगपंचमीला जुन्या नाशकात एकदा नक्की जा. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, त्या दिवशी रंगाने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. सोबत ओळखीचं कोणीतरी असू द्या.

पायरी ८: बोलावणं असं द्या की त्याला उत्तर देता येईल

"भेटू कधीतरी" हे बोलावणं नाही. दिवस, वेळ, जागा आणि किती वेळ, एवढं सांगा. "रविवारी नऊ वाजता त्रिमूर्ती चौकात भेटू, मिसळ खाऊ, अकरापर्यंत घरी." किती वाजता सुटका होणार हे कळलं की लाजरा माणूसही येतो.

मी दिलेल्या पहिल्या बोलावण्याला चौघींपैकी एकही आली नाही. साडेनऊपर्यंत मी चौकात उभी होते. त्या रात्री वहीत उजवी बाजू काठोकाठ भरली. सोमवारी कळलं, एकीचं बाळ आजारी होतं, एकीला ओव्हरटाइम लागला, आणि उरलेल्या दोघींना वाटलं की बाकीच्या जात नाहीत म्हणजे रद्द झालं असेल. मी आणखी एक महिना गप्प बसले आणि मग पुन्हा बोलावलं. या वेळी एकीलाच. ती आली. आता चौघींना एकदम बोलवायचा सल्ला मी कोणाला देत नाही. एकीला बोलवा, आणि दोनदा बोलवा. दोनदा नाही आलं तर तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणालातरी.

धाकधुकीपलीकडचं काही असेल तर

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. समोरचे लोक खरोखरच त्रास देत असतील, रोज चिडवत असतील, जातीवरून बोलत असतील, अंगचटीला येत असतील, तर तो तुमच्या मनाचा खेळ नाही आणि त्यावर वही लिहून उपाय होणार नाही. विश्वासातल्या माणसाला सांगा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. पहिल्या वाक्यात काय बोलायचं हे सुचत नसेल तर एवढंच म्हणा: "मला बरं वाटत नाहीये, कोणाशी तरी बोलायचं आहे."

वही उलटी करून

आता ती वही मागच्या बाजूने उघडा. मागून पहिल्या पानापासून माणसांची यादी करायची. नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर खूण, आणि पुढे त्यांची एक गोष्ट. पुढच्या बाजूने शंका, मागच्या बाजूने माणसं. माझ्या शंका अजूनही येतात. मागच्या महिन्यात नव्या मशीनच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा पुढच्या बाजूची दोन पानं भरली. पण मागून भरायला सुरुवात केल्यापासून वाईट दिवशी वही हातात घेतली की कुठल्या बाजूने उघडायची ते माझ्या हातात असतं.

माझं मागचं पहिलं पान असं आहे:

मेथीवाल्या मावशी. मुलगी दहावीला. गुरुवारी येत नाहीत.
बसमधल्या निळ्या छत्रीच्या ताई. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडे बसायचं.
समोरच्या काकू. टाकी घेऊन ठेवली. चहात गवती चहा घालतात.
मागच्या गल्लीतल्या आजी. "ये, बठ."
मिसळवाले दादा. मला आता विचारत नाहीत, रस्सा आणूनच ठेवतात.